प्रदर्शनाची भिंत आणि गावचा चित्रकार

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

'प्रदर्शन' हा शब्द आपल्या कानाला थोडा खटकणाराच आहे. अमक्याने आपल्या विद्वत्तेचे प्रदर्शन केले, असे आपण म्हणतो तेव्हा त्या गृहस्थाची स्तुती करीत नसतो. गुण असेल तर तो आपोआप प्रकट होईल, त्याची मांडामांड कशाला करावयाची, ही आपली जुनी समजूत आहे. आणि तरीही गेल्या दीडशे वर्षांतील महाराष्ट्राच्या चित्रकलेचा व शिल्पकलेचा जो इतिहास आपल्याला खात्रीने सांगता येतो, तो बव्हंशी प्रदर्शनांचाच इतिहास आहे. ज्याची कृती प्रदर्शनाच्या भिंतीवर लागली त्याचे नाव उरले, साल उरले, लोकांनी काय म्हटले तेही उरले. ज्याची लागली नाही त्याच्याविषयी बहुधा आख्यायिका उरल्या. ही भिंत आपल्याकडे कशी उभी राहिली, गावोगावच्या कलावंतांना तिने काय दिले, आणि ती मुंबईतच उभी राहिल्यामुळे आपण काय गमावले, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे. उदाहरणासाठी मी मुख्यतः कोल्हापूरकडे पाहणार आहे. कारण ज्या शहराला लोक अभिमानाने 'कलापूर' म्हणतात, तेथे हा लाभ आणि ही हानी, दोन्ही ठळक दिसतात.

प्रदर्शने सुरू होण्यापूर्वी आपल्याकडे चित्रे नव्हती, असे मुळीच नाही. मेणवलीस नाना फडणीसांच्या वाड्याच्या भिंती चित्रांनी सजलेल्या आहेत. सावंतवाडीच्या कारागिरांनी गंजिफांच्या वाटोळ्या पत्त्यांवर दशावतार रंगविले. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांच्या पोथ्या मांडीवर घेऊन रामायण-महाभारतातील कथा रात्र रात्र सांगत. परंतु या चित्रांना नेमलेले स्थान होते आणि नेमलेला प्रसंग होता. वाड्यातील चित्र वाड्यात येणाऱ्याने पाहावे, पत्ता खेळणाऱ्याने पाहावा, पोथीतील चित्र कथा ऐकता ऐकता पाहावे. केवळ चित्र पाहण्यासाठी घरून निघालेला मनुष्य त्या काळी नव्हता. म्हणूनच हे चित्र कोणी काढले, असे विचारणाराही नव्हता. देवळाच्या शिखरावर गवंडी जसा आपले नाव कोरीत नाही, तसा भिंतीवर चितारी आपले नाव घालीत नसे.

या निनावी मांदियाळीतून एक नाव मात्र स्पष्टपणे वर येते, आणि ते का येते हे पाहण्यासारखे आहे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात चित्रकलेचे शिक्षण देण्याचा एक प्रयत्न केला. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार त्या वेळी पुण्यात होता. या मंडळींच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबट याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, पुण्यातील माणसे आणि प्राणीही काढले. ते कागद मॅलेटने जपले, वेल्सच्या कागदपत्रांबरोबर ते विलायतेस गेले, आणि आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. गंगारामापेक्षा श्रेष्ठ असे चितारी त्याच्या काळी पुण्यात असतीलही. पण कागद जपणारा आणि त्याच्यावर नाव टिपून ठेवणारा कोणी तरी गंगारामाला भेटला. कलावंताची स्मृती अशा टिपणावर किती अवलंबून असते, याचा हा आपल्याकडील जुना दाखला होय.

आता मुंबईकडे वळू. सर जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली तेथे कलाशाळा सुरू झाली. पुढे १८६५ साली जॉन ग्रिफिथ्स हे तेथे शिक्षक म्हणून आले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेण्याचे मोठे काम त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून करविले. शाळा निघाली, विद्यार्थी तयार होऊ लागले. पण त्यांची कामे पाहावयाची कोणी आणि कोठे, हा प्रश्न पुरी तीस वर्षे तसाच राहिला. त्याला उत्तर मिळाले १८८८ साली, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या स्थापनेने. आरंभी या संस्थेवर इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि हौशी चित्रकारांचे वर्चस्व होते. तथापि तिने दरसाल भरविलेल्या प्रदर्शनांमुळे एक नवीनच व्यवस्था आपल्या देशात आली.

ती व्यवस्था कशी होती ते थोडक्यात सांगतो, कारण आज आपण ती इतकी गृहीत धरतो की तिचे नवेपण जाणवत नाही. ठरावीक तारखेच्या आत कलावंताने आपली कृती पाठवावयाची. निवड करणाऱ्या मंडळाने ती पाहून ठेवावयाची किंवा परत करावयाची. निवडलेल्या चित्राला क्रमांक मिळावयाचा, आणि छापील यादीत त्या क्रमांकापुढे चित्राचे नाव, चित्रकाराचे नाव व किंमत येावयाची. उत्तम कृतीला पदक. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात परीक्षण. आश्रयदात्याच्या दिवाणखान्यात चित्रकाराला एका माणसाला संतुष्ट करावे लागे. येथे त्याला अनोळखी माणसांपुढे उभे राहावे लागले. दिवाणखान्यात त्याच्या शेजारी दुसरा चित्रकार नसे. येथे डाव्या-उजव्या बाजूला प्रतिस्पर्धीच टांगलेले असत. आणि या सगळ्याची छापील नोंद मागे राहत असे. तिकिटाएवढ्या अक्षरांतील ती यादी हीच आपल्या आधुनिक कलेची पहिली बखर होय, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या व्यवस्थेने दिलेली दोन नावे आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म कोल्हापूरचा, १८६७ सालचा. १८९० साली ते मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले आणि १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. घरातील स्त्रिया, हळदीकुंकू, लग्नकार्ये, मुंबईच्या रस्त्यांवरील नाना जातींची माणसे हा त्यांच्या चित्रांचा विषय. विलायती तंत्राने काढलेले, पण आपल्याच माजघरातील. कलाशाळेत त्यांनी एक्केचाळीस वर्षे काढली, आणि 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मचरित्रात त्या काळाची हकीकतही लिहून ठेवली. दुसरे नाव गणपतराव म्हात्रे यांचे. विद्यार्थिदशेतच १८९६ साली त्यांनी 'मंदिराकडे' ही पुतळी घडविली. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य हाती घेऊन देवळाकडे निघालेली एक तरुणी. वस्त्राच्या चुण्यांखाली चालण्याची गती जाणवावी, इतके ते काम नाजूक आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीने तिला पदक दिले, तिची कीर्ती मुंबईबाहेर गेली आणि बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्याविषयी लिहिले. परदेशी न गेलेल्या विशीतल्या मुलाची कृती देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली, ती प्रदर्शनाच्या वाटेने.

आता याच काळातील, आणि धुरंधरांच्याच गावातील, तिसरे नाव घेतो. आबालाल रहिमान. कुराणाच्या हस्तलिखित प्रती सजविणाऱ्या घराण्यात ते जन्मले, असे सांगतात. तेही मुंबईच्या कलाशाळेत शिकले, आणि १८८८ साली, म्हणजे सोसायटीची स्थापना झाली त्याच वर्षी, व्हाइसरॉयचे पदक त्यांनी मिळविले. पदकाच्या दृष्टीने पाहिले तर आबालाल धुरंधरांच्या सात वर्षे पुढे होते. परंतु ते मुंबईत राहिले नाहीत. कोल्हापूरला परतले, आणि पुढे जन्मभर तेथेच राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट, रानातील जनावरे, हे त्यांचे विषय. 'संध्यामठ' हे त्यांचे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की, पाण्यावर पडलेला उजेड हा या माणसाने नुसता पाहिला नव्हता, त्याच्याशी तो वर्षानुवर्षे राहिला होता. रंगाचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवून ओलावा, धुके आणि ऊन यांचा भास निर्माण करण्याची त्यांची हातोटी अशी आहे की, फ्रान्समधील त्याच काळच्या चित्रकारांची आठवण जाणकारांना होते. आणि हे सारे कोटितीर्थाच्या काठी राहून.

एवढ्या मोठ्या चित्रकाराविषयी आपल्याला काय सांगता येते? त्यांच्या जन्मसालाविषयीसुद्धा चरित्रकारांत एकमत नाही. त्यांनी हजारो चित्रे काढली असे म्हणतात; उरली आहेत ती त्या मानाने अगदी थोडी. शाहू महाराज १९२२ साली वारले तेव्हा आबालालांनी शोकाच्या भरात आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगितली जाते. ती अक्षरशः खरी की नाही, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण अशी आख्यायिका रुजू शकली, यातच सारे आले. ज्या चित्रांना क्रमांक नव्हता, यादी नव्हती, पाहणारा मुख्यतः एकच होता, तो एक पाहणारा गेल्यावर त्या चित्रांना तळ्याखेरीज दुसरा आसरा राहिला नाही, हे लोकांना पटण्यासारखे वाटले. १९३१ साली आबालाल वारले. शाहू महाराजांचे औदार्य थोर होते, याविषयी शंका नाही. त्यांच्या आश्रयावाचून कोल्हापूरची कला उभीच राहिली नसती. परंतु आश्रय कलावंताला जगवितो, त्याची नोंद ठेवीलच असे नाही. नोंद ठेवण्याचे काम समाजाचे आहे, आणि त्यासाठी समाजाला चित्रासमोर येऊन उभे राहावे लागते.

मग कोल्हापूरचे लोक चित्रासमोर उभे राहतच नव्हते काय? राहत होते, पण नाट्यगृहात. आनंदराव आणि बाबुराव मेस्त्री या बंधूंनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविले, आणि लोकांनी त्यांना 'पेंटर' हेच आडनाव बहाल केले. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ असे पडदे उलगडले की प्रेक्षक टाळ्या वाजवीत. मुंबईच्या प्रदर्शनात जेवढी माणसे आठवड्यात येत नसतील तेवढी एका रात्रीत या पडद्यांपुढे बसत. हे आपल्या लोकांचे खरे प्रदर्शन होते, आणि त्याला आमंत्रणपत्रिका लागत नसे. पण या प्रदर्शनाचा स्वभाव असा की, चित्राने नाटकाची सेवा करावयाची. गाडीतून, बैलगाडीतून, पावसापाण्यातून गावोगाव फिरणारा पडदा चार-सहा वर्षांत विरून जावयाचा, आणि मग त्याच्या जागी नवा यावयाचा. जुना कोणी जपून ठेवीत नसे.

आनंदराव १९१६ साली अकाली वारले. चलच्चित्रांचा जो ध्यास दोघांनी घेतला होता तो बाबुरावांनी पुढे चालविला; कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. त्यांच्या हाताखाली चित्रकलेचे धडे घेतलेले दामले आणि फत्तेलाल पुढे 'प्रभात'चे संस्थापक झाले. त्यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरविला गेला. कोल्हापूरचा चित्रकार कॅनव्हासवरून पडद्यावर आणि पडद्यावरून चित्रपटात गेला, हा त्या शहराचा मोठा पराक्रम आहे. परंतु त्यामागे एक साधे कारणही आहे. चित्राला भिंत मिळाली नाही म्हणून ते पडद्यावर गेले. आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. कोल्हापूरच्या कलेने लोकांना भरभरून दिले, आणि दिलेले फारसे काही मागे राहिले नाही.

इकडे मुंबईत काय चालले होते? बॉम्बे आर्ट सोसायटीतील इंग्रजी वळणाला कंटाळलेल्या भारतीय कलावंतांनी १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही स्वतःची संस्था काढली. दोन संस्था झाल्या, दोन वार्षिक प्रदर्शने झाली, आणि त्यांच्याबरोबर वादही सुरू झाले. हुबेहूब चित्रण श्रेष्ठ की अजिंठ्याच्या वळणाची रेषा श्रेष्ठ, पाश्चात्त्य तंत्राने हिंदी मन व्यक्त होते की नाही, हे प्रश्न कन्हैयालाल वकील यांच्यासारखे टीकाकार वर्तमानपत्रांतून मांडू लागले. वाद होणे हे कलेच्या आरोग्याचे लक्षण आहे. ज्या चित्राविषयी कोणी भांडत नाही ते चित्र एक तर निर्दोष असते, नाही तर कोणी पाहिलेले नसते. आणि निर्दोष चित्रे जगात फार थोडी आहेत.

मुंबईबाहेर मात्र भिंत उभी करण्याचा एक विलक्षण प्रयत्न झाला, तो औंधास. औंधचे संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. रामायणावरील त्यांची चित्रमालिका १९१६ साली छापली गेली. कलावंतांना त्यांनी आश्रय तर दिलाच. चित्रकार म्हणून नाव मिळविलेले आणि पुढे वेदांच्या अभ्यासाला वाहून घेतलेले पंडित सातवळेकर त्यांच्याच संस्थानात येऊन राहिले. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. १९३८ साली त्यांनी आपला संग्रह एका स्वतंत्र इमारतीत लोकांसाठी मांडला. ही इमारत कोठे आहे पाहा. राजवाड्यात नव्हे, तर यमाई देवीच्या मूळपीठाचा जो डोंगर आहे त्याच्या वाटेवर. देवीच्या दर्शनाला निघालेला शेतकरी, बायकामुलांसह, वाटेत राजा रविवर्मा पाहतो, धुरंधर पाहतो, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडातील मातामूर्तीही पाहतो. चित्र पाहण्यासाठी म्हणून घरून न निघालेल्या माणसालाही चित्र भेटावे, ही आपली जुनी रीत, आणि चित्राला नाव-गाव, क्रमांक व कायमची जागा असावी, ही नवी रीत. या दोहोंची सांगड औंधच्या डोंगरावर घातली गेली. दरबारचा आश्रय आणि समाजाची नोंद यांत जे अंतर कोल्हापुरात राहिले ते औंधास एका राजाने स्वतःच्या हाताने बुजविले. म्हणूनच संस्थान विलीन झाले तरी औंधची चित्रे कोणत्या तळ्यात गेली नाहीत.

स्वातंत्र्य आले त्याच वर्षी, १९४७ साली, मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. १९४९ साली रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरले आणि मुल्कराज आनंद यांनी ते उघडले. बंड पुकारणाऱ्या तरुणांना ज्या संस्थेविरुद्ध बंड त्याच संस्थेची भिंत मिळाली, ही गोष्ट त्या संस्थेलाही भूषणावहच आहे. या सहा जणांना आपण सहज 'मुंबईचे चित्रकार' म्हणतो. पण त्यांची गावे पाहा. सूझा गोव्यातील साळगावचे. गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. रझा मंडला जिल्ह्यातील, आणि शिकले नागपूरच्या कलाशाळेत. आरा हैदराबादजवळच्या बोलारमचे. मुंबईत मोटारी धुण्याचे काम करून त्यांनी दिवस काढले. बाकरे बडोद्याचे. मुंबईने या सहांतील एकालाही जन्म दिलेला नाही. तिने त्यांना भिंत दिली. आणि ती भिंतही त्यांना अपुरी पडली. सूझा आणि बाकरे लंडनला गेले, रझा पॅरिसला. ज्याप्रमाणे साळगावच्या चित्रकाराला मुंबई गाठावी लागली, त्याचप्रमाणे मुंबईच्या चित्रकाराला लंडन गाठावे लागले. भिंत दूर दूर सरकत जाते आणि कलावंत तिच्या मागे जातो. आणि ज्या गावच्या उजेडात त्याची दृष्टी घडली त्या गावाला त्याचे चित्र बहुधा छापील पुस्तकातच पाहावयास मिळते.

१९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून मुंबईत जहांगीर कलादालन उभे राहिले. चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. या दालनाने महाराष्ट्रातील कलेवर केलेले उपकार मोठे आहेत. तिकीट नाही, दरवाजा रस्त्यावर उघडणारा, पाऊस आला म्हणून आत शिरलेला कारकूनही चित्र पाहून जातो. परंतु कोल्हापूर, नागपूर, नाशिक किंवा रत्नागिरी येथील चित्रकाराच्या बाजूने विचार करू या. त्याने वर्षानुवर्षे तारखेची वाट पाहावयाची. मग चौकटी करून, गाठोडी बांधून, चित्रे घेऊन मुंबईस यावयाचे, भाडे भरावयाचे, कोणा आप्ताकडे उतरावयाचे. प्रदर्शन एका आठवड्याचे. त्या आठवड्यात परीक्षण लिहिणारा आला तर आला. आठव्या दिवशी दुसऱ्याची चित्रे लागतात. उरलेली चित्रे पुन्हा बांधून घरी, आणि घरी ती माळ्यावर. ज्या रस्त्याचे, ज्या घाटाचे, ज्या म्हातारीचे चित्र त्याने काढले त्या रस्त्यावरच्या माणसांनी ते कधी पाहिलेलेच नसते.

सुदैवाने चित्र एवढेच नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन वस्तूंबरोबर, आबालाल आणि त्यांच्या मागून आलेल्या कोल्हापूरकरांची चित्रेही आज पाहावयास मिळतात. माधवराव बागल हे स्वतः चित्रकार आणि लोकांचे पुढारी. त्यांनी आपल्या शहरातील कलावंतांविषयी आवर्जून लिहिले, आणि त्या लेखनामुळे पुष्कळशी माहिती नष्ट होण्यापासून वाचली. नट म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले चंद्रकांत मांडरे हे निसर्गचित्रकार होते. राजारामपुरीतील त्यांचे राहते घर आज त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. 'रंगबहार' या संस्थेची मैफल टाउन हॉलच्या बागेत भरते. तेथे झाडाखाली गाणे चालू असते, आणि चित्रकार व मूर्तिकार लोकांच्या देखत काम करीत असतात. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले तेव्हा त्यात नाट्यगृहाबरोबर कलादालनही ठेवले गेले. नाटकाला आलेला मनुष्य तिसऱ्या घंटेपूर्वी चित्रे पाहतो. पेंटर बंधूंच्या पडद्याचा आणि प्रदर्शनाच्या भिंतीचा जुना दुरावा तेथे थोडा मिटला आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोडून काढण्यापूर्वी नीट ऐकून घेतला पाहिजे. गावोगाव प्रदर्शने भरविली तर दर्जा राहणार नाही, असे म्हणतात. स्थानिक पुढारी फीत कापतील, स्नेही स्नेह्याची वाहवा करतील, आणि वर्तमानपत्रात चित्रकारापेक्षा पाहुण्यांचीच नावे अधिक छापून येतील. हे खोटे नाही. असे सोहळे होतात. पण मोठ्या शहरातील निवड मंडळेही आपल्या आवडीनिवडीपासून मुक्त नव्हती, आणि पदक मिळविणाऱ्या चित्राच्या नकला पुढच्या वर्षी डझनावारी येत, हा जुन्या प्रदर्शनांचाही अनुभव आहे. शिवाय गावच्या प्रेक्षकापाशी एक कसोटी अशी आहे की जी मुंबईच्या परीक्षकापाशी असू शकत नाही. आषाढात रंकाळ्याचे पाणी कोणत्या रंगाचे होते, हे कोल्हापूरच्या माणसाला चित्रकाराइतकेच ठाऊक असते. चित्रकाराने तळे पाहून चित्र काढले की दुसऱ्याचे चित्र पाहून तळे काढले, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगेल. ही कसोटी आपण कधी वापरावयासच काढली नाही. दर्जा उंचावयाचा असेल तर दर्जेदार नजर हवी, आणि नजर घडते ती पाहून पाहूनच. वर्षातून एकदा मुंबईस जाऊन ती घडत नाही.

तेव्हा, श्रोतेहो, मुद्दा असा की, प्रदर्शन म्हणजे कलावंताने केलेली आत्मप्रौढी नव्हे. समाजाने आपल्या कलावंताची केलेली ती नोंद आहे. धुरंधर आणि आबालाल एकाच गावचे, एकाच शाळेतले, आणि योग्यतेने कोणी कोणाला उणे नव्हते. एकाची कारकीर्द आपण सालवार सांगू शकतो; दुसऱ्याची कोटितीर्थाच्या पाण्याइतकीच अथांग आणि अस्पष्ट राहिली. हा भेद त्यांच्या कुंचल्यातला नाही; त्यांच्याभोवतीच्या व्यवस्थेतला आहे. आबालालांनी घरी परतण्यात काही चूक केली नाही. त्यांच्या चित्रांतील जे सर्वांत मोलाचे, ते त्यांना त्या तळ्याकाठीच मिळाले. घरी राहणाऱ्या कलावंताला घरीच भिंत मिळावी, हे पाहण्याची जबाबदारी मात्र घरच्या माणसांची होती.

ती जबाबदारी आज आपल्यावर आहे, आणि ती पार पाडण्यास राजा असावे लागत नाही. आपल्या गावात प्रदर्शन भरले तर उद्घाटनाच्या गर्दीत न जाता दुसऱ्या दिवशी जावे. त्या दिवशी चित्रे दिसतात, आणि चित्रकार एकटा बसलेला असतो. त्याच्याशी चार शब्द बोलावे, आवडले नसेल तर तसेही सांगावे. लग्नात पाच-पंचवीस भांडी भेट देण्यापेक्षा एखादे लहानसे चित्र द्यावे. प्रदर्शनाची छापील यादी मिळाली तर ती रद्दीत न घालता तारीख घालून ठेवावी. पन्नास वर्षांनी कोणी इतिहास लिहावयास बसेल तेव्हा त्याला तिच्याइतका विश्वासू साक्षीदार मिळणार नाही. आणि आपल्या स्वतःच्या घरात आजोबांचे तैलचित्र, एखादा जुना पडदा, गावच्या देवळाचे जलरंगातील चित्र टांगलेले असेल, तर ते कोणी काढले हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना आजच विचारून मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवावे. सांगणारी माणसे फार दिवस थांबत नाहीत.